लिंड्रोसचा सौदा : हिशेबवहीतला कोरा रकाना

खेळाडूंच्या देवघेवीकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याला फारशी सवय नाही. २००८ साली आयपीएलच्या निमित्ताने क्रिकेटपटूंची जाहीर बोली लागली तेव्हा 'माणसांचा लिलाव' ही कल्पनाच पुष्कळांना खटकली होती. पुढे ती अंगवळणी पडली आणि खटकणेही संपले. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत मात्र ही प्रथा कितीतरी जुनी आहे. तेथे एका संघाचा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात दुसरे खेळाडू, भावी निवडीचे हक्क किंवा रोकड घेतली जाते, आणि 'हा सौदा कोणी जिंकला' या एका प्रश्नाभोवती इतके लिहिले गेले आहे की त्याला क्रीडालेखनाचा स्वतंत्र उपप्रकार म्हणायला हरकत नसावी. त्या लेखनातील सर्वांत आवडत्या उदाहरणांपैकी एक म्हणजे १९९२ सालचा एरिक लिंड्रोसचा सौदा. त्याचा निकाल बहुतेकांनी लावून टाकला आहे. तो निकाल कसा लावला गेला, आणि लावताना हिशेबात काय धरले व काय धरलेच नाही, हे आम्हांला येथे पाहायचे आहे.

आधी एक खुलासा. येथे हॉकी म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे. बर्फाच्या मैदानावर, पायांत पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबराची चकती मारीत खेळला जाणारा हा खेळ आहे, आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हा त्यातला गुन्हा नसून कौशल्याचा भाग आहे. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

शब्दाविषयीही थोडे. या व्यवहाराला मराठीत 'अदलाबदल' म्हटले तर तो फार निरागस वाटतो, आणि 'विक्री' म्हटले तर फार क्रूर. आम्ही 'सौदा' हा शब्द पत्करला आहे, कारण सौद्यात दोन पक्ष असतात, घासाघीस असते, आणि ज्या वस्तूचा सौदा व्हायचा ती बाजूला मुकाट्याने पडून असते. लिंड्रोसच्या प्रकरणाची गंमत अशी की येथे ती वस्तू मुकाट्याने पडून राहिली नाही.

या कथेला एक पूर्वकथा आहे. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑइलर्स या कॅनडातील संघाने वेन ग्रेट्स्की हा आपला खेळाडू लॉस एंजेलिस किंग्ज या संघाला दिला. ग्रेट्स्की तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि एडमंटनने त्याच्या बळावर पाच वर्षांत चार वेळा स्टॅनले कप जिंकला होता. बदल्यात मिळाले ते जिमी कार्सन व मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीतील तीन निवडींचे हक्क आणि दीड कोटी डॉलर. पत्रकारांसमोर ग्रेट्स्कीला रडू आवरले नाही. नेल्सन रीस या खासदारांनी सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली. एडमंटनचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. एखाद्या खेळाडूचे स्थलांतर हा राष्ट्रीय शोकाचा विषय व्हावा, असे त्या देशात बहुधा प्रथमच घडत होते.

पण निकालाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? ग्रेट्स्की गेल्यावर दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, एडमंटनने पाचव्यांदा कप जिंकला. त्यात कार्सनचा वाटा खेळाडू म्हणून शून्य होता. तो एडमंटनमध्ये रमला नाही आणि १९८९ च्या नोव्हेंबरात त्याला डेट्रॉइटला देण्यात आले. त्या दुसऱ्या सौद्यात जी पोरे आली त्यांतील ॲडम ग्रेव्ह्ज आणि जो मर्फी यांची जेलिनाबरोबर तिकडी जमली आणि ती कप जिंकण्यात उपयोगी पडली. म्हणजे पहिल्या सौद्याचा लाभ दुसऱ्या सौद्यावाटे, कोणाच्याही कल्पनेत नसलेल्या मार्गाने पदरात पडला. इकडे लॉस एंजेलिसने ग्रेट्स्कीच्या काळात कप कधीच जिंकला नाही; १९९३ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि मॉन्ट्रियलकडून हार पत्करली. तरीही त्या संघाची प्रेक्षागारे भरली, हॉकी कॅलिफोर्नियात रुजली, १९९१ मध्ये सॅन होझे आणि १९९३ मध्ये ॲनाहाइम येथे नवे संघ उभे राहिले. आणि ज्याने हे सारे घडवून आणले तो लॉस एंजेलिसचा मालक ब्रूस मॅकनॉल? बँकांच्या फसवणुकीबद्दल १९९७ मध्ये त्याला सत्तर महिन्यांची कैद झाली. ग्रेट्स्कीला घेण्यातली जोखीम सगळे ग्रेट्स्कीच्या वयात आणि पायांत शोधीत होते. खरी जोखीम घेणाऱ्याच्या खिशात होती.

आता लिंड्रोस. १९७३ मध्ये ओंटारिओ प्रांतातील लंडन या गावी जन्मलेला हा मुलगा सहा फूट चार इंच उंच, वजनाने शंभर किलोंच्या वर, आणि तरीही हातांत अत्यंत नाजूक कसब असलेला होता. ग्रेट्स्कीच्या बिरुदावर कोटी करून त्याला 'पुढचा' म्हटले जाई. बळ आणि कौशल्य असे एकत्र क्वचितच आढळतात, म्हणून त्याच्याविषयीच्या लेखनात आरंभापासूनच एक पौराणिक सूर आहे. १९९१ मध्ये अठराव्या वर्षी तो कॅनडा कपसाठी राष्ट्रीय संघात खेळला. त्या संघात नॅशनल हॉकी लीगमध्ये एकही सामना न खेळलेला तो एकटाच होता.

त्या लीगमध्ये नवोदितांना स्वतःचा संघ निवडता येत नाही. दर उन्हाळ्यात संघ क्रमाने त्यांची निवड करतात, आणि आदल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला ढोबळमानाने पहिला क्रमांक मिळतो. १९९१ मध्ये तो मान क्यूबेक नॉर्डिक्सचा होता, तोही लागोपाठ तिसऱ्या वर्षी, यावरून त्या संघाची अवस्था कळावी. लिंड्रोसच्या कुटुंबाने आधीच बजावले होते की तो क्यूबेकला येणार नाही. तरीही क्यूबेकने त्याचेच नाव पुकारले. प्रथेनुसार त्याच्या हाती संघाचा सदरा देण्यात आला. तो त्याने हातात धरला, अंगात घातला नाही.

या नकाराचे अर्थ त्या काळी भाषेच्या अंगाने लावले गेले. क्यूबेक हे फ्रेंचभाषकांचे शहर, मुलगा इंग्रजीभाषक. कॅनडात तेव्हा घटनादुरुस्तीचे वाद पेटलेले. भाषिक अस्मितेचे राजकारण जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. लिंड्रोसने पुढे मुलाखतींतून सांगितले की त्याचा विरोध शहराला वा भाषेला नव्हता, संघाचे प्रमुख मार्सेल ओबू यांच्याशी होता. खरे-खोटे काहीही असो. आम्हांला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. या साऱ्या व्यवस्थेत खेळाडूला बोलायला जागा अशी एकच होती, ती म्हणजे 'नाही' म्हणण्याची, आणि ती त्याने वापरली. यापूर्वीही, कुमार गटात, सू सेंट मेरी या गावच्या संघाने निवडल्यावर तो तेथे गेला नव्हता आणि अखेर त्याला ओशावाला पाठवावे लागले होते. उद्धट, लाडावलेला, आईबापांच्या तंत्राने वागणारा, ही त्याची वर्तमानपत्री प्रतिमा येथून सुरू होते. आपल्या किमतीविषयी मालकांनी बोलावे हा व्यवहार, आणि खेळाडूने बोलावे हा उद्धटपणा, असा तो न्याय होता.

वर्षभर तो क्यूबेकसाठी खेळला नाही. क्यूबेकपुढे आता वेळेचा प्रश्न होता: आणखी एक वर्ष असेच गेले असते तर त्याच्यावरचा हक्कच गेला असता. जून १९९२ मध्ये, त्या वर्षीच्या निवडीसाठी सगळे संघ मॉन्ट्रियलला जमले असताना, ओबूंनी सौदा केला. किंबहुना दोन सौदे केले; एक फिलाडेल्फिया फ्लायर्सशी आणि दुसरा न्यू यॉर्क रेंजर्सशी. एकच घर दोघांना विकण्याचे प्रकार आपल्याकडे ऐकिवात असतात, पण जगातल्या सर्वांत चर्चित तरुण खेळाडूच्या बाबतीत भर सभेत असे व्हावे हे नवलच होते. लीगने लॅरी बर्टुझी या टोरोंटोच्या वकिलांना लवाद नेमले. ३० जून १९९२ रोजी त्यांनी निर्णय दिला तो फिलाडेल्फियाच्या बाजूने. लिंड्रोसशी फोनवर बोलण्याची मुभा क्यूबेकने फिलाडेल्फियाच्या लोकांना दिली होती, आणि सौदा ठरल्याशिवाय कोणी अशी मुभा देत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

फिलाडेल्फियाने काय दिले? पीटर फोर्सबर्ग, माइक रिची, गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, स्टीव्ह ड्यूशेन, केरी हफमन आणि ख्रिस सायमन असे सहा खेळाडू, पहिल्या फेरीतील दोन निवडींचे हक्क, आणि दीड कोटी डॉलर. (ग्रेट्स्कीच्या वेळचाच आकडा!) एका एकोणीस वर्षांच्या मुलासाठी, ज्याने अद्याप लीगमध्ये एकदाही चकतीला काठी लावली नव्हती.

हे वेड होते काय? आज तसे म्हणण्याची पद्धत आहे. पण १९९२ च्या जूनमध्ये बसून वही उघडावी. फिलाडेल्फियाचा संघ सलग तीन वर्षे बाद फेरीपर्यंत पोहोचला नव्हता. त्यांना नवे प्रेक्षागार बांधायचे होते, ते पुढे १९९६ मध्ये उघडले, आणि रिकाम्या खुर्च्यांवर कोणी प्रेक्षागार बांधत नाही. समोर पिढीतून एखादाच निपजणारा खेळाडू होता. द्यायच्या यादीत फोर्सबर्ग हा लिंड्रोसहून पाच महिन्यांनी लहान, स्वीडनमध्ये खेळणारा, अमेरिकेत कधी येईल आणि आल्यावर टिकेल की नाही याची खात्री नसलेला मुलगा होता. जानेवारी १९९३ मध्ये जागतिक कुमार स्पर्धेत त्याने सात सामन्यांत ३१ गुण मिळवले आणि जग थक्क झाले. पण तोवर सौद्याला सहा महिने होऊन गेले होते. जोखीम दोन्ही बाजूंना होती. फरक इतकाच की एका बाजूची जोखीम सहा-आठ तुकड्यांत वाटलेली होती आणि दुसऱ्या बाजूची एकाच शरीरात साठवलेली.

त्यातही हा निकाल लेखनाच्या तारखेनुसार पालटत गेला आहे. १९९३ च्या वसंतात लिहिणाऱ्याने क्यूबेकला शाबासकी दिली असती, कारण तो संघ एका हंगामात ५२ गुणांवरून १०४ गुणांवर गेला, आणि तोही फोर्सबर्ग आलेला नसताना. १९९५ मध्ये लिहिणारा गोंधळला असता: त्या वर्षी लिंड्रोसला लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक मिळाला आणि फोर्सबर्गला सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर करंडक. १९९७ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फिया अंतिम फेरीत पोहोचली असताना, लिंड्रोसला घेणारे द्रष्टे ठरले असते. जूनमध्ये डेट्रॉइटने त्यांना चारही सामन्यांत हरवले आणि द्रष्टेपण सरले. न्यू यॉर्कचे तर आणखीच विचित्र. लवादात हरलेल्या त्या संघाने १९९४ मध्ये, चोपन्न वर्षांनंतर, कप जिंकला. लवादात जिंकलेल्या फिलाडेल्फियाचा शेवटचा कप १९७५ सालचा आहे. इतिहासकार शेवट ठाऊक असलेल्या वाचकासाठी लिहितो. सौदा करणारा मात्र मधल्या प्रकरणात उभा असतो. कादंबरीच्या अभ्यासकांना हा भेद परिचित आहे, क्रीडालेखकांना तो फारसा मानवत नाही.

सर्वमान्य निकाल असा की हा सौदा क्यूबेकने जिंकला. फोर्सबर्ग थोर खेळाडू निघाला. सौद्यात मिळालेल्या निवडीच्या हक्कातून जोस्लँ तिबो हा गोलरक्षक आला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये तिबो व आणखी दोघे देऊन मॉन्ट्रियलकडून पॅट्रिक रॉय मिळवला गेला. १९९६ मध्ये संघाने स्टॅनले कप जिंकला. रिची आणि सायमनही त्या संघात होते. २००१ मध्ये पुन्हा जिंकला. ही साखळी दाखवून लिहिणारे हात झटकतात. (कर्णधार जो सॅकिक हा लिंड्रोसच्या कितीतरी आधीपासून, १९८७ च्या निवडीतून, संघाकडे होता, ही अडचणीची बाब साखळीत बसत नाही म्हणून बहुधा गाळली जाते.)

पण 'क्यूबेक जिंकले' या वाक्यातला कर्ता कोण? १९९५ च्या उन्हाळ्यात तो संघच विकला गेला. लहान शहर, जुने प्रेक्षागार, उत्पन्न कॅनडाच्या डॉलरात आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरात, प्रांताचे सरकार मदतीला तयार नाही; अखेर साडेसात कोटी डॉलरांना संघ डेन्व्हरला गेला आणि कोलोरॅडो ॲव्हलांच झाला. १९९६ चा कप डेन्व्हरच्या रस्त्यांतून मिरवला. रॉयचा सौदासुद्धा या स्थलांतरामुळेच शक्य झाला, कारण मॉन्ट्रियलने आपला गोलरक्षक शेजारच्या हाडवैऱ्याला, क्यूबेकला, दिला असता असे कोणी मानत नाही. तीन वर्षे सर्वांत वाईट संघ पाहिला तो क्यूबेकच्या लोकांनी. सदरा न घालणाऱ्या मुलाचा अपमान गिळला तो क्यूबेकच्या लोकांनी. आणि सौदा जिंकला तो त्या लोकांना सोडून गेलेल्या कंपनीने. २०१५ मध्ये शहराने नवे भव्य प्रेक्षागार उघडले. २०१६ मध्ये लीगने नवा संघ दिला तो लास व्हेगासला, क्यूबेकचा अर्ज पुढे ढकलला. शहराला आणि संघाला एकच नाव असते, त्यामुळे इतिहासलेखनात किती मोठी अफरातफर खपून जाते, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

वहीत न लिहिलेले दुसरे नाव खुद्द लिंड्रोसचे. १९९२ मध्ये त्याच्याविषयी तोललेल्या जोखमी कोणत्या होत्या? त्याचा स्वभाव, त्याचे आईवडील, त्याची पगाराची मागणी. शरीर हे जोखमीच्या रकान्यात नव्हतेच, ते जमेच्या रकान्यात होते. एवढा धिप्पाड मुलगा इतरांना दुखापत करील, त्याला कोण करणार! प्रत्यक्षात त्या शरीरानेच घात केला. कुमार गटात सर्वांहून उंच असल्याने मान खाली घालून, चकतीकडे पाहत मैदान कापण्याची त्याला सवय होती; तिथे कोणाची टाप नव्हती. मोठ्यांच्या लीगमध्ये होती. मे १९९६ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ब्रेट वयाच्या विसाव्या वर्षी, अवघे ५१ सामने खेळून, मेंदूला वारंवार बसलेल्या हादऱ्यांमुळे निवृत्त झाला. ही घटना वहीवर बोट ठेवून दाखवावी अशी होती. पण मेंदूच्या अशा हादऱ्याला तेव्हा 'घंटा वाजली' असे हसून म्हणण्याची रीत होती, आणि घंटा वाजलेल्या माणसाने थोडे थांबून पुन्हा मैदानात उतरावे अशी अपेक्षा.

मार्च १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या डारियस कास्पारायटिसच्या धडकेने एरिकला मोठा हादरा बसला. त्यानंतर ते बसतच राहिले. मार्च २००० मध्ये त्याने जाहीरपणे म्हटले की संघाच्या वैद्यकीय पथकाने आपली इजा वेळीच ओळखली नाही. त्यानंतर त्याचे कर्णधारपद काढून घेण्यात आले. जुना 'उद्धट' हा शब्द या प्रसंगी पुन्हा उपयोगी पडला. मे महिन्यात न्यू जर्सीविरुद्धच्या मालिकेत तो सहाव्या सामन्याला परतला आणि त्याने गोलही केला. २६ मे रोजी सातव्या सामन्यात, चकती घेऊन मधल्या पट्ट्यात शिरताना, मान खाली असताना, स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या डोक्यावर आदळला. तो बर्फावर कोसळला. स्टीव्हन्सला शिक्षा झाली नाही, कारण त्या वेळच्या नियमांनुसार ती धडक वैध होती. डोक्यावर बाजूने येणाऱ्या धडकांना बंदी करणारा नियम लीगमध्ये २०१० मध्ये आला. लिंड्रोस फिलाडेल्फियासाठी पुन्हा खेळला नाही.

आकड्यांनी पाहिले तर तो अपयशी ठरत नाही. ७६० सामन्यांत ८६५ गुण ही कामगिरी थोड्यांच्या वाट्याला येते, आणि २०१६ मध्ये त्याची हॉकीच्या सन्मानदालनात निवडही झाली. फोर्सबर्गचे शरीरही काही अभंग नव्हते: २००१ मध्ये त्याची प्लीहा काढावी लागली, आणि पावलाच्या दुखण्याने त्याची अखेरची वर्षे खाऊन टाकली. पण डेन्व्हरकडे तोवर दोन कप होते, म्हणून त्याचे पाऊल कोणाच्या पराभवाचे कारण झाले नाही. लिंड्रोसचे डोके झाले.

सौद्यांच्या याद्यांतून ज्याचा उल्लेख क्वचित आढळतो असा एक शेवटचा दस्तऐवज उरतो. २०००-०१ चा संपूर्ण हंगाम लिंड्रोस बाहेर बसून होता. ऑगस्ट २००१ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला न्यू यॉर्क रेंजर्सला दिले, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी लवादात ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांनाच. या वेळी किंमत होती तीन तरुण खेळाडू, यान ह्लावाच, किम यॉन्सन आणि पावेल ब्रेन्डल, आणि तिसऱ्या फेरीतील एक निवड. आणि या वेळी करारात एक अट घालण्यात आली. लिंड्रोसला पुन्हा मेंदूची इजा झाली आणि त्याला दीर्घकाळ खेळता आले नाही, तर फिलाडेल्फियाने पहिल्या फेरीतील निवडीचा एक हक्क भरपाई म्हणून द्यावा. वहीतला रकाना असा नऊ वर्षांनी भरला गेला. भरपाई न्यू यॉर्कला मिळायची होती.

ती द्यावी लागली नाही. पहिल्या हंगामात तो ७२ सामने खेळला. २००७ च्या नोव्हेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली आणि त्याच वेळी जन्मगावच्या रुग्णालयाला पन्नास लाख डॉलर दिले.